टायमिंगला हात लावण्याआधी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते आणि गोधड्या शिवून देते. आधी हातानं शिवायची, मग साध्या मशीनवर. दीड वर्षापूर्वी अमेरिकेतल्या भावानं एक वापरलेलं लाँगआर्म क्विल्टिंग मशीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या गोधडीवर डोकं फिरवून शिवायचं मशीन, फ्रेमसकट पाठवलं. फ्रेम बारा फुटी, हॉलची एक अख्खी भिंत त्यात गेली. वर्षभर मशीन छान चाललं. दिवाळीनंतर मात्र छळ सुरू झालाय. मशीन पलीकडे ढकलताना टाके सुटतात, स्वतःकडे ओढताना वरचा धागा पिंजतो आणि तुटतो. पहिल्या काही रांगा बऱ्या निघतात, अर्ध्या गोधडीनंतर जास्त त्रास होतो. आडव्या रेघेत मधूनच एखादा टाका लांब पडतो. हात सोडला की मशीन आपसूक खिडकीकडे सरकतं. मशीनसोबत आलेल्या सुया दिवाळीच्या सुमारास संपल्या म्हणून राजवाड्याजवळच्या दुकानातून १६ नंबरच्या सुया आणल्या, पाकिटावर ‘डीबी × १’ छापलंय. रेडीमेडवाल्यांकडे जाणारे एक मेकॅनिक येऊन बघून गेले. म्हणाले, ‘‘टायमिंग आउट है, शटल खोलना पड़ेगा.’’ सासूबाई म्हणतात, आमच्या मशीनला आम्ही खोबरेल घालत होतो, कधी काही झालं नाही. आणि हे म्हणतात, विकून टाक. एका ग्राहकाच्या आईच्या साड्यांची गोधडी फ्रेमवर अर्धी अडकली आहे. काय करू?
— अर्ध्यावर अडकलेली

उत्तर : ताई, तुमचं पत्र मेकॅनिकनं वाचलं असतं तर तो टायमिंग, म्हणजे सुई आणि तिच्याखाली फिरणारा हुक यांची जुळलेली वेळ, हा शब्द बोललाच नसता. तुम्ही सगळं स्वतःच लिहून ठेवलंय, फक्त एका ओळीत गर्दीत टाकलंय. ‘सुया दिवाळीच्या सुमारास संपल्या’ आणि ‘दिवाळीनंतर छळ सुरू झाला’ या दोन वाक्यांच्या मध्ये तुमचं निम्मं उत्तर आहे.

डीबी × १ ही सुई जुकीसारख्या साध्या सरळ शिलाईच्या कारखानी मशीनची. तिचा दांडा, म्हणजे वर खोबणीत जातो तो भाग, १.६२ मिलिमीटर जाडीचा असतो. लाँगआर्मला लागते ती १३४ जातीची सुई. तीच १३५ × ५ किंवा डीपी × ५ या नावानंही विकली जाते आणि तिचा दांडा २ मिलिमीटरचा. दोन्हींवर १६ नंबर असतो, कारण तो नंबर खालच्या पात्याच्या जाडीचा आहे, दांड्याचा नाही. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही १६ मागितली, त्यानं १६ दिली.

आता २ मिलिमीटरच्या भोकात १.६२ची सुई घातली आणि स्क्रू आवळला तर काय होतं? स्क्रू तिला समोरच्या भिंतीला नेऊन चिकटवतो. सुई मधल्या जागेपासून मिलिमीटरच्या जवळपास पाचव्या हिश्शानं बाजूला जाते, शिवाय थोडी तिरकीही बसू शकते. हे अंतर ऐकायला काहीच नाही. पण हुक, म्हणजे सुईखाली फिरून धाग्याचा फास पकडणारा भाग, त्याचं टोक, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक शटलची चोच म्हणतात, सुईच्या मागून जातं तेव्हा दोघांमध्ये जेमतेम एका कागदाची फट असायला हवी. त्या हिशेबात पाचवा हिस्सा म्हणजे फारच झाला. त्यांनी शटल खोलून या चुकीच्या सुईला जुळेल असं टायमिंग बसवलं असतं, तर पुढे योग्य सुई घातल्यावर मशीन खरंच बिघडलं असतं. बरं झालं, तुम्ही आधी पत्र लिहिलंत.

तेव्हा पहिलं काम : मशीनच्या मॅन्युअलमध्ये सुईची जात बघा. हाताशी मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या नावानं बहुतेक मिळतं. जवळजवळ सगळ्या लाँगआर्मना १३४ एमआर चालते. एमआर म्हणजे सगळ्या दिशांना फिरणाऱ्या मशीनसाठी केलेली, जास्त ताठ सुई. आकड्यांत ३.० म्हणजे १४ नंबर, ३.५ म्हणजे १६, ४.० म्हणजे १८. तुमच्या साड्यांच्या गोधडीला मी सरळ ४.० घालायला सांगेन. इथल्या बाजारात एमआर मिळाली नाही तर निदान डीपी × ५ तरी आणा, एमआर येईपर्यंत काम निघेल. पण डीबीचं पाकीट आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढा. घाईत हात तिकडेच जातो.

सुई बसवताना तिला वर टेकेपर्यंत ढकला आणि मगच स्क्रू आवळा. लांब खाच तुमच्याकडे, पोकळ खळगा मागे. भोक अगदी तुमच्या समोर यायला हवं, घड्याळाच्या सहाच्या आकड्यावर. केसभर साडेसहाकडे झुकलं तर चालतं, त्याहून जास्त नाही. डोळ्यांना अंदाज येत नसेल तर भोकात बारीक टाचणी पुढून मागे आरपार घाला आणि वरून बघा, ती फ्रेमच्या लांबीला काटकोनात दिसली पाहिजे. स्क्रू आवळताना सुई किंचित फिरते, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बघा.

ढकलताना टाके सुटतात आणि ओढताना धागा पिंजतो, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मला तुमचं विशेष कौतुक वाटलं. बहुतेक जण ‘धागा तुटतो हो’ एवढंच लिहितात आणि मग तीन पत्रं प्रश्न विचारण्यात जातात. साध्या मशीनमध्ये सुई जागेवर राहते आणि कापड सरकतं, तेही दात कापड हलवतात तेव्हा सुई वर असते. लाँगआर्मला दात नाहीत. कापड फ्रेमवर ताणलेलं आणि मशीनचं डोकं फिरतं, सुई कापडात असतानासुद्धा. त्यामुळे डोकं पुढे जातं पण सुईचं टोक कापडात अडकून क्षणभर मागे राहतं, म्हणजे सुई वाकते. हुक सुईच्या मागच्या बाजूनं जातो. तुम्ही डोकं पलीकडे ढकललंत की टोक तुमच्याकडे वाकतं, हुकपासून दूर जातं, हुकला धाग्याचा फास सापडत नाही आणि टाका सुटतो. स्वतःकडे ओढलंत की टोक हुककडे वाकतं, हुक धाग्याला घासतो आणि धागा पिंजतो. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, वाकणारी सुई. बारीक दांड्याची, आधीच जागा सोडून बसलेली सुई तर जास्तच गडबड करणार.

पण नुसती सुई बदलून भागेल असं समजू नका. सुई वाकायला कापडही तेवढंच जबाबदार असतं. गोधडी फ्रेमवर किती ताणता? आपल्याकडे ताणणं म्हणजे नीट काम अशी समजूत आहे, आणि लाँगआर्मवर ती महागात पडते. खालून एका हाताचं बोट वर दाबा आणि वरच्या हातानं ते बोट कापडासकट चिमटीत धरून बघा. धरता आलं पाहिजे. डमरूसारखं टणटण वाजत असेल तर दोन्ही रोलरचे खटके एकेक दात सैल करा. सैल म्हणजे झोळी नव्हे, सुरकुती पडता कामा नये.

‘अर्ध्या गोधडीनंतर जास्त त्रास’ हा दुसरा धागा. शिवून झालेली गोधडी मागच्या रोलरवर गुंडाळत जाते. गुंडाळी जाड होत जाते, आणि तिच्याबरोबर कापडाची पातळी वर चढत जाते. सुरुवातीला कापड मशीनच्या सुईपट्टीच्या, म्हणजे जिच्या भोकातून सुई खाली जाते त्या पट्टीच्या, अगदी जवळून जात असतं, निम्म्यावर आल्यावर ते दोन बोटं वर तरंगतं. मग सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं, फास तयारच होत नाही आणि टाका सुटतो. साड्यांची गोधडी असेल तर गुंडाळी आणखी लवकर फुगते. म्हणून दर दोन-तीन वेळा गोधडी पुढे सरकवली की वाकून बघायचं : अस्तर आणि सुईपट्टी यांच्यात बोटाच्या जाडीएवढीच जागा आहे ना? जास्त असेल तर मागचा रोलर खाली घ्या. बऱ्याच फ्रेमना त्यासाठी बाजूला खाचा किंवा फिरवायचा दांडा असतो. उलट कापड सुईपट्टीवर घासत असेल तेही वाईट, डोकं जड चालतं.

याच वाकण्यात उडत्या पायाची उंची तपासून घ्या. लाँगआर्मचा पाय टाक्यागणिक वर-खाली उडतो. मशीन बंद, प्लग काढलेला. हाताच्या चाकानं सुई अगदी खाली आणा, पायाखाली कापड नको. पाय आणि सुईपट्टी यांच्यात एखादं व्हिजिटिंग कार्ड सरकलं पाहिजे, किंचित घासत. दोन कार्डं सहज जात असतील तर पाय कापडाला दाबतच नाही. जाड गोधडीला एटीएम कार्डाएवढी फट ठेवावी लागते, पण तेवढंच.

आता त्या साड्यांविषयी थोडं विस्तारानं, कारण आपल्या बायकांचं काम अमेरिकेतल्या बायकांपेक्षा इथे वेगळं होतं. तुमचं मशीन दोन पातळ सुती थर आणि मध्ये हलकी बॅटिंग, म्हणजे भरावाचा मऊ थर, एवढ्याच हिशेबानं बनवलेलं आहे. आपण त्यात चार साड्या, जुनी चादर, वर ठिगळांचा थर असं घालतो. वाकळ हातानं शिवताना ते चालतं, कारण हात जिथे अडतो तिथे थांबतो. मशीन थांबत नाही. महेश्वरी किंवा चंदेरीचा जरीचा काठ आला की सुई धातूवर जाते. एका काठातच तिचं टोक बोथट होतं किंवा त्यावर सूक्ष्म कुसळ येतं, आणि मग तीच सुई पुढची मऊ मलमलसुद्धा फाडत जाते. ग्राहकाला आधीच सांगा : जरीचे काठ वेगळे काढून कडेला हातानं लावू, किंवा क्विल्टिंगची नक्षी त्यांच्यापर्यंत नेऊन थांबवू. आईची साडी आहे म्हटल्यावर लोक ‘काठ तर हवाच’ म्हणतात. हवा असेल तर असू द्या, पण त्यावर मशीन चालवू नका.

खळ घातलेली जुनी साडीही अशीच. तीत पीठ असतं, सुई तापते आणि चिकटते. शिवण्याआधी एकदा कोमट पाण्यातून काढा. आणि थर मोजून घ्या. जिथे शिवणी एकावर एक येतात तिथे बोटांनी चाचपा. गाठीसारखं लागलं तर तिथून रेघ नेताना वेग अर्धा करा. एवढं करूनही सुई दर मोठ्या गोधडीला बदलायचीच. सुईचे पैसे ग्राहकाच्या बिलात धरायला लाज वाटू देऊ नका. धागा धरतोच ना आपण.

धाग्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. लाँगआर्म मिनिटाला हजारापेक्षा जास्त टाके घालतं, त्याला आजीच्या डब्यातलं सुती रीळ पेलत नाही. बऱ्यापैकी पॉलिएस्टरचा, ४० नंबरचा मोठा कोन घ्या. हातभर धागा दोन्ही हातांत धरून झटका द्या. चट्‍कन तुटला तर तो धागा उन्हात दुकानाच्या काचेमागे बसून वाळलेला आहे. फुकटही घेऊ नका.

बॉबिनमध्ये आपल्याकडे दोन खोडी हमखास होतात. एक म्हणजे बॉबिन भरताना पूर्ण वेगानं भरायचं. पॉलिएस्टर धागा त्या वेगात ताणला जातो आणि मग बॉबिनमध्ये परत आकसतो. टाके घट्ट येतात, गोधडी चुरगळते, आणि दोष टेन्शनला, म्हणजे धाग्याच्या ताणाला. सावकाश भरा, काठोकाठ नको. दुसरी खोडी, वरचं टेन्शन फिरवत बसणं आणि खालचं कधीच न बघणं. क्रम उलटा आहे. आधी बॉबिन केस. भरलेलं बॉबिन घालून केस तळहातावर ठेवा, धागा हलकेच वर ओढा. केस कडेवर उभी राहिली पाहिजे, पण तळहात सोडून उचलली जाता कामा नये. उचलली गेली तर घट्ट आहे, पडूनच राहिली आणि धागा सरसर सुटला तर सैल. मोठ्या स्क्रूला घड्याळाच्या पाच मिनिटांएवढं फिरवायचं, परत बघायचं. त्याआधी केसच्या पत्तीखालून जाड कागदाची कड फिरवून भुसा काढा, कारण तिथे अडकलेला एक तंतू स्क्रूचं सगळं गणित बिघडवतो. हे झालं की मगच वरच्या चकत्या. वरच्या टेन्शनच्या चकत्यांमध्येही तंतू बसतात, पाय उचलून, धागा काढून, त्यांतून मऊ कापडाची पट्टी ओढून घ्या.

सासूबाईंच्या खोबरेलाबद्दल आता, आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं. त्यांचं मशीन पायानं चालायचं, त्याचा वेग आणि याचा वेग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय त्या काळी दर थोड्या वर्षांनी कुणीतरी येऊन रॉकेलनं मशीन धुऊन द्यायचं, म्हणून ‘कधी काही झालं नाही’. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मालव्यातल्या हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा हुकच्या खोबणीत तुम्हाला तेल नव्हे, पांढरं मेण सापडेल, आणि उरलेलं उन्हाळ्यापर्यंत चिकट होऊन भुसा धरून ठेवेल. शिलाई मशीनचं पांढरं, पाण्यासारखं स्वच्छ तेल मिळतं तेच घाला. दर बॉबिन बदलताना हुकच्या खोबणीत एक थेंब. खरोखर एक. जास्त घातलंत तर पुढची हातभर रेघ तेलकट डाग पाडत जाईल. तो थेंब घालण्याआधी ब्रशनं भुसा बाहेर काढा. तोंडानं किंवा फुग्यानं फुंकून तो आत ढकलू नका. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं बारीक तोंड वापरा. गंज सोडवायचे स्प्रे आणि रॉकेल यांना या मशीनजवळ फिरकू देऊ नका. त्यांनी तेल धुऊन जातं, आणि रॉकेल आतल्या प्लास्टिक, पट्टे आणि वातींनाही सोसत नाही.

खिडकीकडे सरकणारं मशीन हा स्वतंत्र विषय, आणि त्यात मशीनचा काही दोष नाही. आपल्या घरांत फरशी धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून तिला उतार ठेवलेला असतो. बारा फुटांच्या फ्रेमला तो सहज जाणवतो. गवंड्याची पाणसळ घ्या, फ्रेमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये ठेवून बघा. फ्रेमच्या पायांना उंची कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. ते पुरले नाहीत तर प्लायवुडचे तुकडे घाला, पण सगळ्या पायांवर वजन सारखं येऊ द्या. लांबीचा विचार झाला की मग खोली, म्हणजे तुमच्याकडून पलीकडची दिशा. सरकण्यानं नुसता वैताग होत नाही. गोल किंवा आडवी नक्षी काढताना तुमचा हात सतत त्या ओढीशी भांडत असतो, त्यामुळे सुई आणखी वाकते.

रुळांना आणि चाकांना तेल लागत नाही. ज्यांनी घातलं असेल त्यांनी सर्जिकल स्पिरिट आणि स्वच्छ कापडानं पुसून काढावं. प्रत्येक चाक हातानं फिरवून बघा, धाग्याचा एखादा वेढा आसाला गुंडाळलेला सापडेलच.

आडव्या रेघेतला लांब टाका इथेच येतो. तुमच्या मशीनला स्टिच रेग्युलेटर असणार, म्हणजे तुम्ही डोकं हळू किंवा जोरात हलवलंत तरी टाका सारखा ठेवणारी सोय. ती मशीनच्या चाकांजवळ बसवलेल्या दोन छोट्या एन्कोडरवर चालते. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा पुढची-मागची. मोजणारं छोटं चाक रुळावर टेकून फिरतं, त्यावर बहुधा रबराचं कडं असतं. त्याच्याखाली भुसा आला, कडं झिजलं किंवा चाक रुळावरून किंचित उचललं गेलं, की एन्कोडरला वाटतं मशीन हललंच नाही, आणि टाका लांब जातो. एका कापडावर आडवी रेघ काढा, मग उभी. फक्त आडवीत लांब टाके आले, तर आडव्या दिशेचा एन्कोडरच दोषी. पुसा, टेकतोय का बघा, त्याची तार काढून परत घट्ट बसवा. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. मात्र डोकं तुम्ही फार जोरात ओढत असाल, तर मशीनच्या कमाल वेगाच्या पुढे रेग्युलेटरलाही जाता येत नाही. मग लांब टाका पडला तर बिघाड शोधत बसू नका, हात सावरा.

विजेचं थोडक्यात. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्‍झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्‍झ. मशीनच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त प्लग बदलायचा. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो मशीनच्या वॅटपेक्षा बराच मोठा. वर्षभर चालतंय म्हणजे ही सोय तुम्ही केलेली दिसते, पण अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्याच. इलेक्ट्रॉनिक कार्ड खराब झालं तर ते इंदूरमध्ये मिळणार नाही. वीज गेली की प्लग काढून ठेवा, परत येताना जो झटका येतो तोच घात करतो. पाच-दहा मिनिटं थांबून मगच लावा.

या सगळ्यात एकच शिस्त पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फ्रेमच्या कडेला जादा अस्तरावर वीतभर रेघ काढून बघायची. ग्राहकाच्या गोधडीवर नाही. आधी सुई, मग ताण, मग रोलरची उंची, मग पाय, मग भुसा-तेल, मग बॉबिन. सगळं एकदम बदललंत आणि बरं झालं, तर काय बरं झालं ते कळणार नाही. पुढल्या वेळी परत पहिल्यापासून. माझा अंदाज असा की तिसऱ्या पायरीपर्यंतच तुमचं काम होईल.

एक अपवाद आहे. बारीक सुई इतके महिने हुकला घासत होती, तेव्हा हुकच्या टोकावर किंवा सुईपट्टीच्या भोकाला ओरखडा पडला असू शकतो. मऊ जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा भोकाच्या कडेवरून आणि हुकच्या टोकावरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे ओरखडा. सुईपट्टीच्या भोकाला अगदी बारीक, १५०० नंबरच्या पॉलिश पेपरची सुतळी करून दोन-चार वेळा ओढलं तरी चालतं. हुकच्या टोकाला मात्र घासू नका, त्याचा आकार गेला तर नवा हुकच घ्यावा लागतो.

आता खरंच टायमिंग गेलंय का, हे तुम्हाला स्वतःला बघता येतं. योग्य, नवी सुई घाला. सुईपट्टी काढा, प्लग काढा, टॉर्च घ्या. हाताच्या चाकानं सुई अगदी तळाला न्या आणि नंतर सावकाश वर येऊ द्या. सुई दोन-अडीच मिलिमीटर वर आली की हुकचं टोक सुईच्या मागच्या खळग्यात, भोकाच्या किंचित वर, सुईच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. टोक आणि सुई यांच्यात कागदाएवढी फट. असं दिसलं तर टायमिंग ठीक आहे, मेकॅनिक काहीही म्हणो. टोक भोकाच्या खाली जात असेल, किंवा सुईच्या डाव्या-उजव्या कडेला भेटत असेल, तर मग हुक खरंच सरकलाय. एखाद्या जरीच्या गाठीत सुई कडकन मोडली असेल तर असं होऊ शकतं.

तसं झालं तर त्याच मेकॅनिकला बोलवायला हरकत नाही. परदेशीपुऱ्यात रेडीमेडची मशीन लावणारी माणसं टायमिंगमध्ये हुशार असतात, कारण हुक फिरतो तो जुकीतही तसाच. त्यांना फक्त चार गोष्टी आधी सांगा आणि शेजारी उभ्या राहा. हुक सैल करण्याआधी त्याच्या दांड्यावर मार्करनं खूण करायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. सुई खालीवर करणाऱ्या दांड्याची उंची, तो सरकल्याची खात्री झाल्याखेरीज, हलवायची नाही. वायरिंग आणि एन्कोडर त्यांचा विषय नाही. आणि शेवटी टाका कापड फ्रेमवर असतानाच तपासायचा, हातात चिंधी धरून नाही. ‘‘हे मशीन सगळ्या दिशांना चालतं’’ हे त्यांना प्रत्यक्ष ढकलून दाखवा. त्यांनी आजवर पाहिलेल्या बहुतेक मशीनमध्ये कापड पुढेच जातं, त्यामुळे चिंधी सरळ शिवली गेली की काम झालं असं त्यांना वाटेल.

विकण्याबद्दल. यजमानांना म्हणा, आत्ता विकलंत तर घेणारा ‘चालत नाही’ म्हणून भावात पाडेल, आणि दुसऱ्या दिवशी सुयांच्या एका पाकिटानं ते चालवून घेईल. विकायचंच असेल तर चालू करून विका. ठेवणार असाल तर मशीनच्या पाटीवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीला ईमेल करा आणि विचारा, या मॉडेलचा हुक, एन्कोडर आणि सुईपट्टी अजून मिळते का. मिळत असेल तर हुक आणि बॉबिन केस एकेक जास्तीची मागवून ठेवा, भाऊ येईल तेव्हा सुटकेसमध्ये सहज मावेल. सोबत १३४ एमआरच्या ३.५ आणि ४.० सुयांची पाकिटंही त्यालाच आणायला सांगा. आणि कंपनीचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तर मात्र यजमानांचं म्हणणं विचारात घ्या, पण अडकलेली गोधडी पूर्ण करून पैसे हातात आल्यावर.